ओबामा जिंकले, आडनाव काय?

५ नोव्हेंबर २००८. सकाळी साडेनऊच्या सुमारास ओबामांच्या विजयाची बातमी आली, तेव्हा आम्ही पिंपरी-चिंचवडमधल्या कोकणे चौकातल्या टपरीवर होतो. हिंजवडीची बस पकडायला आलेली आयटीतली पोरं एकमेकांना टाळ्या देत होती. आनंद खराच होता. गोऱ्या मतदारांपैकी जेमतेम ४३ टक्क्यांनीच त्यांना मत दिलंय, हा हिशेब तेव्हा कोण मांडणार?

अमेरिकेतल्या वर्णभेदाकडे महाराष्ट्र काही प्रथमच पाहत नव्हता. पलीकडच्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत बाबासाहेबांना हवी होती. दोघांनीही परक्याच्या आरशात पाहिलं ते आपलंच तोंड. आम्ही मात्र आरसा तेवढा पुसतो.

त्याच टपरीवर, चहा संपायच्या आत, शेजारच्या एजंटाचा फोन वाजला. टू-बीएचके, भाडं ठरलं, डिपॉझिटही. मग त्याने सहज विचारलं, “आडनाव काय म्हणालात?” थोडं थांबून म्हणाला, “मालकांना विचारून कळवतो.” फ्लॅटची चावी त्याच्या बोटातच फिरत होती.