मृत ढोरांचा वारसा आणि पशुवैद्यकाची पदवी

महाड येथे १९२७ साली बोधिसत्त्व बाबासाहेबांनी मृतमांस वर्ज्य करण्याचा उपदेश केला आणि ठिकठिकाणी आमच्या बांधवांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाकून दिले. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील महारकी वतनाचे जोखडही उतरले. त्याच समाजाची मुलेमुली आज पशुवैद्यक महाविद्यालयांत शिकत आहेत. परंतु ज्या शवापासून वडीलधारी माणसे मोठ्या कष्टाने दूर झाली, त्याच शवापाशी आपल्या लेकराने पुन्हा का उभे राहावे, ही शंका काही घरांतून आजही व्यक्त होते. ती प्रामाणिक आहे. म्हणून तिचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

काळपुळीने मेलेल्या जनावराचे शव कधीही फाडू नये, असे शास्त्र सांगते. शव उघडले की रोगजंतू हवेच्या संपर्काने बीजाणूंचे रूप घेतात आणि मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. संशय येताच रक्ताचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा आणि शव खोल पुरावे अथवा जाळावे. आमच्या पूर्वजांच्या हाती गावाने ढोर दिले, सुरी दिली; हे ज्ञान मात्र दिले नाही. धोका त्यांचा आणि विद्या दुसऱ्यांची, अशी ती व्यवस्था होती. कोणते शव उघडावे व कोणते उघडू नये, हे ठरविण्याचा अधिकार आज त्यांच्या नातवंडांना मिळत आहे. यात लाज कसली?

म्हणूनच या शिक्षणातील प्रात्यक्षिकाचा भाग आम्ही सर्वांत मोलाचा मानतो. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील अखेरचे एक वर्ष आंतरवासितेचे आहे. मुके जनावर आपले दुखणे सांगत नाही. ते हातानेच ओळखावे लागते. तथागतांचा धम्मही 'एहिपस्सिको' आहे : या आणि स्वतः पाहा. शवविच्छेदनगृह टाळून आणि गोठ्यातील पाळी चुकवून जो केवळ टिपणे पाठ करील, तो पदवी मिळवील. परंतु वैद्य होणार नाही.

संस्थाचालकांनाही आमचे स्पष्ट सांगणे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला रुग्ण तपासण्याची समान संधी मिळावी व तिची लेखी नोंद राहावी. प्रात्यक्षिकाच्या गुणांचे निकष आधी जाहीर व्हावेत. तोंडी परीक्षेत विद्या विचारावी, आडनाव नव्हे. मागे पडलेल्याला पुन्हा शिकवावे. त्याला जातीवरून हिणवू नये. शिष्यवृत्ती व विद्यावेतन वेळेवर द्यावे. कारण गरिबाच्या मुलाला पैशाच्या विलंबाने वर्ष गमवावे लागणे हाही अन्यायच होय.

तरुणांनो, जन्माने लादलेले काम तुमच्या वाडवडिलांनी टाकले, ते योग्यच केले. तुम्ही स्वेच्छेने पत्करलेले काम नीट शिका आणि अर्धवट सोडू नका.