बारचा भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा



मागच्या व्हिडिओत आपण पहिलं लेथ मशीन कोणतं घ्यावं यावर बोललो. आज त्या लेथवर चढवायच्या बारबद्दल बोलू. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपल्याकडचे बरेच नवे वर्कशॉपवाले स्टील गरजेपेक्षा कडक घेतात, आणि तिथेच फसतात.

आपल्या देवळ्यातलं रोजचं चित्र बघा. एक शेतकरी काका रोटाव्हेटरचा तुटलेला शाफ्ट घेऊन येतात. "भाऊ, असाच बनवून दे, पण मटेरिअल एकदम कडक टाक." पोरगं हुशार असतं. ते ईएन ८ चा बार आणतं, माप अगदी अचूक काढतं आणि टोकाला फ्लँज ठेवून साध्या रॉडने वेल्ड मारून देतं. काका खूश. पंधरा दिवसांनी शाफ्ट परत येतो. तुटलेला असतो वेल्डच्या अगदी शेजारी. मग सगळे म्हणतात, वेल्डर कच्चा. मला विचाराल तर चूक वेल्डरच्या आधी, बार घेतानाच झाली होती.

कारण सोपं आहे. साध्या एमएसमध्ये, म्हणजे आयएस २०६२ च्या ई २५० ग्रेडमध्ये, कार्बन जास्तीत जास्त ०.२३ टक्के असतो. ईएन ८ मध्ये तो साधारण ०.४० टक्के असतो. वेल्ड मारताना शेजारची जागा लालबुंद होते, आणि बाकीचा थंड, जाड बार ती उष्णता झटकन ओढून घेतो. लोहार तापलेली विळी पाण्यात बुडवतो तसंच झालं की! कार्बन जास्त असेल तर ती जागा काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. त्यात दमट रॉडमधला हायड्रोजन शिरला की बारीक भेग पडते. ही भेग कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडते. म्हणजे माल गेटबाहेर गेल्यावर!

एक हिशेब वहीत लिहून ठेवा. कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजचा सहावा भाग मिळवा. साध्या स्टीलसाठी हा अंदाज पुरतो. उत्तर ०.४० च्या आत असेल तर वेल्डिंग सोपं. ०.४५ च्या वर गेलं की सांभाळून. नेहमीच्या एमएसचं उत्तर ०.३५ च्या आसपास येतं, ईएन ८ चं ०.५३ च्या. ईएन २४ मध्ये क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनमही धरावं लागतं आणि आकडा ०.८ च्या वर जातो. त्याला रस्त्यावरच्या वेल्डिंगचं नावच काढू नका.

आणखी एक सापळा म्हणजे ईएन १ए. लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, फिनिश सुंदर येतो. पण ती सोय मुद्दाम घातलेल्या गंधकामुळे असते, आणि तेच गंधक वेल्ड गरम असतानाच भेगा पाडतं. कापायला सोपं ते जोडायलाही सोपं, असं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, "सर, एमएस वाकेल ना!" इथे आकडे बघा. ई २५० एमएस साधारण २५० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचं वाकत नाही. हीट ट्रीटमेंट न केलेलं नॉर्मलाइज्ड ईएन ८ सुमारे २८० पर्यंत. फरक फार नाही. ईएन ८ ची खरी ताकद हीट ट्रीटमेंटनंतर दिसते, आणि ती आपल्यापैकी किती जण करतात? त्यापेक्षा जागा असेल तर ४० मिमीचा शाफ्ट ४५ मिमीचा करा. वजन २७ टक्के वाढतं, पण पीळ सोसण्याची ताकद ४२ टक्के वाढते.

म्हणून सगळीकडे एमएसच वापरा, असं मी म्हणत नाही. झिजणाऱ्या जागेला ईएन ८ हवंच. पण मग जोड बोल्टने करा, नाहीतर चावी बसवा. वेल्ड मारावाच लागला तर जाडीप्रमाणे १५० ते २५० अंशांपर्यंत आधी तापवा, नीट सुकवलेला ७०१८ रॉड वापरा आणि नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्यात हळू थंड होऊ द्या. या कामाचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लावा. फुकटात करायला गेलात की घाईत होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही नाही वेल्ड मारला तरी कोणीतरी मारणारच. ऐन कांद्याच्या हंगामात ट्रॉलीचा एक्सल दुखावला तर काका तुमच्यापर्यंत येणार नाहीत, वाटेत दिसेल त्या वेल्डिंगवाल्याकडे थांबतील. त्याला काय माहीत आत कोणतं स्टील आहे? तीच ट्रॉली उद्या भरून भावडबारी घाट उतरेल, मागेपुढे मोटारसायकली असतील. तिथे एक्सल तुटला तर प्रश्न तुमच्या नावाचा राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो. त्यामुळे स्टील निवडताना तो अनोळखी वेल्डर डोळ्यांसमोर ठेवा.

म्हणून उद्यापासून तीन गोष्टी करा. भाव सांगण्याआधी विचारा, "काका, यावर आत्ता किंवा पुढे वेल्डिंग होणार आहे का?" बार घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागा, टोकावरच्या रंगावर विसंबू नका, तो दुकानागणिक बदलू शकतो. आणि बिलावर ग्रेड लिहा, पार्टवर पंच मारा. ईएन ८ असेल तर बिलावर स्पष्ट लिहा: "विचारल्याशिवाय वेल्ड करू नये."

पंच मारायला दोन मिनिटं लागतात. पण ज्याच्या पार्टवर ग्रेड असतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुढच्या हंगामातही येतं.

तुमच्याकडे वेल्डशेजारी तुटलेला पार्ट पडला असेल तर तो भंगारात टाकू नका. टेबलावर ठेवा. पुढचा बार घेताना तोच तुम्हाला आठवण करून देईल.