पिनने दात कोरू नका

मेसमध्ये मटण झालं की आमच्यातले निम्मे जण काडी नाहीतर नेमप्लेटची पिन घेऊन दात कोरत बसतात. मीही कोरायचो. दिवाळीत रसमड्याला घरी गेलो तो सुजलेली हिरडी घेऊनच. दुर्गच्या दातांच्या डॉक्टरांनी समजावलं: घट्ट फटीत फ्लॉसचा दोरा, मोकळ्या फटीत इंटरडेंटल ब्रश, ब्रश जोर लावून घुसवावा लागला तर त्याचं माप मोठं आहे. एनडीएच्या वैद्यकीय तपासणीत दातांचे किमान १४ गुण लागतात, हिरड्याही पाहतात. आमच्या किट यादीत मात्र बुटांसाठी दोन ब्रश, दातांच्या फटींसाठी काहीच नाही. माझ्या मते फ्लॉसची डबी यादीत हवीच. तोवर आईबाबांनी ती फराळाच्या डब्यासोबत द्यावी. चिवड्यातले दाणे तसेही फटीतच अडकतात.