न उघडणारे चित्रण

चंद्रपूर-गडचिरोलीकडील एखादे कुटुंब भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथ तीर्थाची यात्रा करून परतते. वाटेत आजीने सांगितलेल्या आठवणी मोबाइलमध्ये असतात. परंतु संपादनासाठी संगणकावर घेतलेली फाइल उघडत नाही. अशा वेळी घाईने कार्ड फॉरमॅट केल्यास तो आवाज कायमचा गमावण्याची भीती असते.

प्रथम मूळ फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी व कार्डावर नवे चित्रण करू नये. नंतर ती प्रत व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून पाहावी. तेथे चालली, तर चित्रण बहुधा शाबूत आहे. आयफोनमध्ये २०१७ पासून आलेला एचईव्हीसी हा प्रकार जुन्या संपादन-सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. हँडब्रेक या मोफत साधनाने प्रतीचे एच.२६४ मध्ये रूपांतर करावे.

फाइल कोठेच चालत नसेल, तर चित्रण करताना बॅटरी संपली होती काय, हे आठवावे. एमपी४ फाइलची सूची सहसा चित्रण संपल्यावर लिहिली जाते. खतावणीची पाने शाबूत, पण अनुक्रमणिका नाही, असा हा प्रकार. त्याच मोबाइलवरील सुस्थितीतील फाइलच्या आधारे ‘अनट्रंक’ हे साधन ती पुष्कळदा पुन्हा रचू शकते.

पिढ्यान्पिढ्या चोपड्या जपणाऱ्या घरांनी मूळ फाइलही तशीच जपावी.