पायाखालून गेलेला क्लच

मोटार शिकताना माझ्या वाट्याला जी बोलणी आली, त्यांतली निम्मी क्लचवरून होती. शिकवणारे गृहस्थ शेजारी बसून एकच घोष करीत, "मास्तर, क्लचवरचा पाय काढा, प्लेट जळेल." पुढे चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्यात मला मोठी फुशारकी वाटू लागली, तरी त्यांचे मत काही बदलले नाही. अशा माणसाने पन्नाशीनंतर दोनच पेडलांची, ड्युअल क्लचची ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि वर्षाच्या आत तोच क्लच तापवून ती भर रस्त्यात उभी केली. लेखाला निमित्त एवढेच. पण माझ्या फजितीपेक्षा मोठी गोष्ट मला सांगायची आहे. ऑटोमॅटिक म्हणजे डोके बाजूला ठेवून चालवायची गाडी, असा समज करून देऊन ही वाहने आपल्याला विकली जातात. आणि क्लच तापला की दोष मात्र चालवणाऱ्याच्या माथी येतो.

गणपतीचे दिवस होते. बेळगावात त्या दिवसांत संध्याकाळी गाडी बाहेर काढणे हाच मुळात अविचार, पण पाहुण्यांना देखावे दाखवायचे होते. पुलाच्या चढावर रांग लागली. पुढची बस हातभर सरके, मी हातभर सरके. बस थांबली की मी ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर किंचित पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरी. जुनी विद्या! दहा-बारा मिनिटांत गाडीला कापरे भरले, समोरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना झळकली आणि गाडी पुढे जाईना. मागून हॉर्न सुरू झाले. भोवती चार माणसे जमली आणि त्यांनी एकमुखाने सल्ला दिला, बोनेट उघडा आणि पाणी ओता. मी काट्याकडे बोट दाखवले. काटा मध्यावर शांत होता. तो काटा इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगतो, क्लचचे नव्हे, हे त्या घटकेला त्यांना ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

दुसऱ्या दिवशी गाडी कारखान्यात नेली. तेथील तरुण म्हणाला, "सर, तुमची चालवण्याची पद्धत चुकीची आहे." मी नम्रपणे विचारले, "मग बरोबर पद्धत कोणती?" तो म्हणाला, "ऑटोमॅटिक आहे ना सर, आपोआप चालते." यावर काय बोलावे! अखेर उलगडा केला तो आमच्या जुन्या मेस्त्रींनी. "पेडल गेलंय सर, क्लच हाय की खाली," असे मराठीत सांगून निरोप मात्र त्यांनी कन्नडमध्ये दिला, "सावकाश होग्री." ('सावकाश' हा शब्द आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांत चालतो, हे बरे आहे.)

या गिअरबॉक्समध्ये क्लच एक नसून दोन असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. पहिल्या गिअरमध्ये गाडी चालू असतानाच दुसरा गिअर जुळवून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो, म्हणून गिअर बदललेला कळतही नाही. ही कल्पना १९३९ साली आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने मांडली. १९८० नंतरच्या दशकात पोर्शे आणि आउडी यांच्या शर्यतीच्या गाड्यांत ती धावली आणि २००३ साली फोक्सवागेनच्या गोल्फमधून बाजारात आली. मोकळ्या रस्त्यावर हे यंत्र फार सुरेख चालते, याबद्दल माझे दुमत नाही.

अडचण गर्दीत आहे, आणि ती साध्या गणिताची आहे. इंजिन किमान मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेणारच, त्याहून फार खाली गेले तर ते बंद पडेल. पहिल्या गिअरमध्ये चाक इंजिनाच्या साधारण सोळाव्या हिश्शाने फिरते, म्हणजे मिनिटाला पन्नास फेरे. चाकाचा परीघ पावणेदोन-दोन मीटर धरला तर वेग येतो ताशी पाच-सहा किलोमीटर. याचा अर्थ असा, की गाडी याहून हळू चालत असेल तर क्लच पूर्ण धरूच शकत नाही. तो घासतच राहणार. माणसाच्या चालीने सरकणारी मोटार आपल्याला सौम्य वाटते, परंतु क्लचला तीच चाल सर्वांत जाचक. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये हे घसरणे तेलात होते आणि ते तेल थंड करण्याची सोय असते. ओल्या ड्युअल क्लचमध्येही प्लेटा तेलात बुडालेल्या असतात, त्यामुळे बराच निभाव लागतो. कोरड्या क्लचच्या प्लेटा मात्र साध्या गाडीसारख्या हवेतच घासतात, आणि कोंडीत गाडीखालून वारा तरी कुठे वाहतो?

मेस्त्रींचे ऐकून मी घरी कागद घेऊन बसलो. गाडी तेराशे किलोची, चढ शंभरात आठ. अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरलेल्या गाडीच्या क्लचमध्ये सुमारे दोन किलोवॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे न्हाणीघरातला गिझर! फरक एवढाच, की गिझरमध्ये पाणी असते. उलट सपाट रस्त्यावर गाडी एकदाच नीट उचलून ताशी दहा किलोमीटरपर्यंत नेली तर क्लचमध्ये साधारण पाच किलोज्यूल खर्च होतात. चढावर एक मिनिट तोलून धरणे आणि सपाटीवर चोवीस वेळा गाडी उचलणे, दोन्हींची उष्णता जवळपास सारखी. मी त्या पुलावर दहा-बारा मिनिटे हा उद्योग करीत होतो. पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने हे गणित गाडी तापल्यावर करावे, यावर विद्यार्थी हसतील, हसू देत.

उपाय त्या गणितातच आहे. पुढच्या गाडीमागे हातभर सरकायचे नाही. ब्रेकवर थांबून दोन-तीन गाड्यांएवढी जागा होऊ द्यायची, मग एकदाच निघायचे आणि आठ-दहाच्या वेगाला जाऊन क्लच पूर्ण धरू द्यायचा. पुन्हा थांबताना ब्रेक ठामपणे दाबायचा, कारण तो दाबला की यंत्र क्लच सोडून देते. पाय अर्धवट ठेवला तर गाडी पुढे रेटतच राहते आणि प्लेटा घासतात. चढावर गाडी धरण्याचे काम ब्रेकचे, अ‍ॅक्सिलरेटरचे कधीच नव्हे; ऑटो होल्डचे बटण असेल तर ते याचसाठी दिलेले असते. कोंडीत यंत्र उगाच दुसऱ्या गिअरकडे धाव घेत असेल तर हाताने पहिल्यावर रोखून ठेवावे. दर थांब्याला न्यूट्रल करण्याचा जो सल्ला ऐकू येतो तो मला पटत नाही. ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेलाच असतो, मग ती खटपट कशाला? फाटक पडले, मिनिट दोन मिनिटे हलायचे नाही, तर न्यूट्रल जरूर करावे. चोर्ला घाटात मालमोटारीमागे अडकलात तर तिला एक वळण पुढे जाऊ द्या. आणि उंच जोत्यावर रिव्हर्सने इंचाइंचाने गाडी चढवण्याची हौस असलेल्यांनी ध्यानात घ्यावे, की क्लच तेथेही घासतो.

जागा सोडून थांबायचे म्हटले की आपल्याकडे खरी परीक्षा होते. पुढे जागा दिसली की डावीकडून दुचाकी शिरते, उजवीकडून रिक्षा. मागचा हॉर्न वाजवून आपली कुळी काढतो. शिरू द्यावे. दोन दुचाक्या पुढे गेल्याने आपण घरी पोहोचायचे राहत नाही.

आणि एवढे करूनही सूचना झळकलीच तर गाडी कडेला घ्यावी, 'पी'वर लावावी, इंजिन चालू ठेवावे आणि सूचना जाईपर्यंत बसून राहावे. पाणी कोठेही ओतू नये.

आता दोषाविषयी. "तुमची चालवण्याची पद्धत चुकीची" हे वाक्य केवळ आमच्या गावातले नाही. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या ड्युअल क्लचच्या गाड्या थरथरू लागल्या, तेव्हा ग्राहकांना हेच ऐकवले गेले होते. तेथील ग्राहकसंरक्षक आयोग न्यायालयात गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये तक्रारी हाताळण्याच्या रीतीबद्दल कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. माझ्या गाडीत मात्र दोष खरोखर माझ्या पायाचा होता, हे मी कबूल करतो. परंतु पाय कसा ठेवावा हे मला कोणी सांगितले होते? गाडीची किल्ली हाती देताना पेढे दिले, हार घातला, छायाचित्र काढले. सूचना-पुस्तिकेत चढाविषयी इशारा आहे, पण ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून खणात ठेवलेली. पेढ्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात एखाद्या चढावर नेऊन दाखवता आले असते. निदान गाडी टॉर्क कन्व्हर्टरची, एका क्लचची की दोन क्लचांची, आणि दोन असतील तर कोरड्या की ओल्या, हे विक्रेत्याने तोंडाने सांगितलेच पाहिजे. आज 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली सर्व माल खपतो. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचीही यातून सुटका नाही. तीन पेडलांची गाडी शिकलेल्याला क्लच म्हणजे काय हे पायाला तरी कळलेले असते; थेट दोन पेडलांवर बसलेल्या मुलामुलींना ते कळणार कोठून?

काहीजण म्हणतात, मग असली गाडी घ्यावीच कशाला? गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. कन्नड विभागातले माझे एक सहकारी याच जातीची गाडी घेणार आहेत. विक्रेत्याने त्यांना रविवारी सकाळी मोकळ्या बायपासवर चाचणीसाठी बोलावले होते. मी त्यांना शनिवारी संध्याकाळी सहा वाजताची वेळ मागून घ्यायला सांगितले आहे, आणि रस्ता तोच पुलाचा. मागच्या सीटवर मी बसणार आहे.