कमिशन परतच द्यायचं होतं, तर एजंट कशाला झालात?



आयसी-३८ ची परीक्षा पास झालात, कंपनीचं नियुक्तीपत्र आलं, एजन्सी कोड मिळाला. मनापासून अभिनंदन! व्हिजिटिंग कार्ड छापलं, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला फोटो टाकला, पहिले आठ-दहा दिवस मजेत गेले. आणि मग पहिला खराखुरा ग्राहक समोर बसतो. सगळं शांतपणे ऐकून घेतो, चहा पाजतो आणि शेवटी हळूच विचारतो, "ते सगळं ठीक आहे हो, पण मला परत किती देणार?"

माझ्या बॅचमधल्या नव्या विमा एजंटांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच आहे. "सर, समोरचा पहिल्या हप्त्यात सूट मागतोय. देऊ का?"

माझं उत्तर आजही तेच आहे. देऊ नका. पॉलिसी हातची गेली तरी चालेल, पण देऊ नका. का, ते सांगतो.

आधी कायदा

विमा कायदा, १९३८. कलम ४१. एजंटने आपल्या कमिशनमधून ग्राहकाला पैसे परत देणं किंवा देऊ करणं बेकायदा आहे. आणि नीट वाचा, ग्राहकाने ती सूट घेणंसुद्धा बेकायदा आहे. दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. हे कलम प्रपोजल फॉर्मवर छापलेलं असतं, फक्त तिथे कुणी बघत नाही. कंपनीने स्वतःच्या माहितीपत्रकात जाहीर केलेली सूट वेगळी. उदाहरणार्थ विमा रक्कम मोठी असेल तर मिळणारी. ती बिनधास्त सांगा. तुमच्या खिशातली सूट मात्र नाही.

आता तुम्ही म्हणाल, "सर, कायदा कोण बघतो? सगळेच देतात." ठीक आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवू आणि धंद्याचा हिशोब मांडू.

आता हिशोब

समजा, वर्षाचा हप्ता ३०,००० रुपये आहे आणि त्यावर पहिल्या वर्षी तुम्हाला २० टक्के कमिशन आहे. म्हणजे ६,००० रुपये. (हा आकडा फक्त उदाहरणासाठी. एप्रिल २०२३ पासून कमिशन किती द्यायचं हे नियामकाच्या खर्चमर्यादेत राहून कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. त्यामुळे तुमच्या कंपनीचा तक्ता शाखेतून मागून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा.) ग्राहकाने ४,००० मागितले, तुम्ही दिले. उरले २,०००. त्यातून चार-पाच फेऱ्यांचं पेट्रोल, झेरॉक्स, फोन आणि तुमच्या तीन संध्याकाळी काढा. काय राहिलं?

बरं, खरा फटका पुढच्या वर्षी बसतो. पहिल्या वर्षी त्याच्या खिशातून २६,००० गेले होते. दुसऱ्या वर्षी नोटीस येते पूर्ण ३०,००० ची. त्याच्या मनात हप्ता वाढलेला असतो! तो तुम्हाला फोन करतो, "या वेळी किती?" तुम्ही नाही म्हणता, तो हप्ता भरत नाही, पॉलिसी लॅप्स होते. तुमचं रिन्युअल कमिशन गेलं. कंपनी १३ व्या महिन्याची पर्सिस्टन्सी बघते, म्हणजे वर्षानंतर किती पॉलिसी चालू राहिल्या ते. तिथेही तुमचं नाव खाली जातं. आणि ज्या घरासाठी विमा काढला, ते घर पुन्हा उघड्यावर.

विमा एजंटचा धंदा रिन्युअलवर उभा राहतो. पहिलं वर्ष म्हणजे फक्त पेरणी. तुम्ही पेरणीच्या वेळीच बियाणं वाटून टाकलंत, तर पुढे कापणार काय?

"पण सर, आमच्या गल्लीतले जुने एजंट देतात ना!" देत असतील. त्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांच्या रिन्युअलचं उत्पन्न आहे, त्यांना ते परवडत असेल. तुम्हाला परवडत नाही. ज्या खेळात समोरच्याचा खिसा तुमच्यापेक्षा खोल आहे, त्या खेळात उतरायचंच कशाला?

मग ग्राहकाने तुमच्याकडूनच का घ्यावं?

हा खरा प्रश्न आहे. नियमाप्रमाणे एक वैयक्तिक एजंट एकाच आयुर्विमा कंपनीचं, एकाच जनरल विमा कंपनीचं आणि एकाच आरोग्य विमा कंपनीचं काम करू शकतो. म्हणजे तुमच्या गावातल्या सगळ्या एजंटांकडे त्याच कंपनीची तीच पॉलिसी, तोच हप्ता. मालात फरक नाही, भावात फरक नाही. त्यात टर्म प्लॅन ऑनलाइन घेतला तर कित्येकदा स्वस्त पडतो, हेही ग्राहकाला माहीत असतं. मग फरक कुठे करायचा? तुमच्या कामात.

माझ्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराची गोष्ट सांगतो. एजंटने त्याला पहिल्या हप्त्यात चांगली घसघशीत सूट दिली. फॉर्म स्वतःच भरला, दुकानदाराने फक्त सह्या केल्या. त्याला शुगर होती, गोळ्या चालू होत्या. एजंट म्हणाला, "ते लिहू नका, उगाच मेडिकल लागेल." दोन वर्षांच्या आत दुकानदार गेला. कंपनीने चौकशी केली, डॉक्टरांचे कागद निघाले, क्लेम नाकारला. वहिनी एजंटला फोन करत राहिल्या, त्याने नंतर फोन उचलणंच बंद केलं. सूट किती मिळाली होती, हे आज त्या घरात कुणालाही आठवत नाही.

विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं की आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनी तिच्यावर कोणत्याही कारणाने शंका घेऊ शकत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत लपवलेला आजार सापडला, तर घर बसलं. म्हणून फॉर्म ग्राहकासमोर, त्याला वाचून दाखवत भरा. शुगर, बीपी, तंबाखू, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा. हप्ता थोडा वाढला तर वाढू दे.

सुटीऐवजी हे द्या

पहिले तीन महिने एक काम करा. भेटायला गेलात की पॉलिसी विकायला बसू नका, म्हणा, "तुमच्या जुन्या पॉलिसींची फाईल दाखवा." मग एकेक बघा:

- नॉमिनी कोण आहे? लग्न होऊन दहा वर्षं झाली तरी पुष्कळांच्या पॉलिसीवर अजून आईचंच नाव असतं.
- हप्त्याची तारीख कधी? एखादी पॉलिसी लॅप्स झाली आहे का? ती पुन्हा चालू होऊ शकते का?
- मॅच्युरिटीचे पैसे ज्या खात्यात यायचे, ते बँक खाते अजून चालू आहे का?
- विमा रक्कम किती? घर चालवणाऱ्याची कमाई वर्षाला चार लाख आणि विमा एक लाखाचा, असं तर नाही ना?
- बायकोला या पॉलिसी माहीत आहेत का? फाईल कुठे ठेवली आहे, हे तिला ठाऊक आहे का?

ज्याला आज मोठा हप्ता झेपत नाही, त्याला बँकेत पाठवा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण देतो, वय १८ ते ५०. अपघातासाठीची सुरक्षा विमा योजना वर्षाला फक्त २० रुपयांत, वय १८ ते ७०. यातून तुमची कमाई होणार नाही. पण "हा माणूस स्वतःचं नुकसान करून खरं सांगतो" ही ओळख कुठल्याही जाहिरातीत विकत मिळत नाही.

आणि पॉलिसी दिल्यावर सांगा, "काका, आजपासून ३० दिवस आहेत. वाचा. नाही पटली तर परत करता येते." नवा एजंट हे सांगायला घाबरतो. मी म्हणतो, पहिल्याच महिन्यात परत गेलेली पॉलिसी परवडली. वर्षभराने शिव्या देत बंद केलेली नको.

समोरच्याने मागितलंच, तर?

चिडू नका, भाषण देऊ नका. एवढंच म्हणा: "दादा, कायद्याने मला देता येत नाही आणि तुम्हाला घेता येत नाही. पण हे कमिशन मी पुढची वीस वर्षं तुमच्या दारात यायचे घेतो. नॉमिनी बदलायचा असो, हप्त्याची आठवण असो, नाहीतर क्लेमचे कागद, फोन माझाच लावायचा." आणि गप्प बसा. काही जण उठून जातील. जाऊ द्या. जे थांबतील, ते पुढच्या तीन घरांची नावं देतील.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. या मार्गाने पहिलं वर्ष हळू जातं. म्हणून हातातली नोकरी किंवा दुकान लगेच सोडू नका. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. पोट रिकामं असलं की माणूस सूट देतो, चुकीची पॉलिसी गळ्यात मारतो आणि शुगर लपवतो. तत्त्व टिकवायला खिशात थोडी शिल्लक लागते.

आजचा गृहपाठ: एक साधी वही घ्या, ओळखीतल्या पाच घरांची नावं लिहा आणि या आठवड्यात त्यांची फक्त फाईल बघून या. काही विकू नका. पाचपैकी किती पॉलिसींवर नॉमिनी चुकीचा निघाला, ते मला नक्की कळवा.

तुमच्या पहिल्या पॉलिसीला शुभेच्छा. पूर्ण हप्त्याच्या!