सात भाग, साडेचार वर्षं

'थोडं पण चांगलं' हा वेबसिरीजच्या वकिलांचा लाडका युक्तिवाद. प्रेक्षकानं कुरकुर केली की त्याला सुनावलं जातं, तुम्हाला काय पुन्हा दैनंदिन मालिकांचं पाणी घातलेलं वरण हवंय? सात-आठ भागांत घट्ट गोष्ट मिळतेय, तर वाट बघा की! यातलं पहिलं म्हणणं मान्य करायला हरकत नाही, पण त्यातून दुसरं निघत नाही. सीझन आटोपशीर असणं वेगळं आणि दोन सीझनच्या मध्ये वर्षांमागून वर्षं जाणं वेगळं. एकाच्या पुण्याईवर दुसऱ्याचं पाप खपवलं जातंय.

छोट्या सीझनची बाजू भक्कम आहे, हे आधीच कबूल करून टाकू. अमेरिकी वाहिन्यांवर सीझन म्हणजे बावीस-चोवीस भाग असत, तेव्हा 'लॉस्ट'सारख्या गाजलेल्या मालिकेलाही तिसऱ्या सीझनमध्ये नायक जॅकच्या अंगावरच्या गोंदणाची हकिगत सांगण्यात एक अख्खा भाग घालवावा लागला. अखेर 2007 मध्ये कर्त्यांनी वाहिनीकडून मालिकेच्या शेवटाची तारीख आणि पुढचे सीझन सोळा-सोळा भागांचे, असं पदरात पाडून घेतलं. तीन हजारांवर भाग चाललेली 'चार दिवस सासूचे' आपल्याकडे होऊन गेली असल्यानं ताणण्याचे तोटे मराठी प्रेक्षकाला कुणी शिकवायला नकोत. चोवीस भाग परत आणा, असं कुणी म्हणत नाही.

पण 'दर्जाला वेळ लागतो' हे उत्तर तपासून पाहावं. 'द फॅमिली मॅन'चा दुसरा सीझन जून 2021 मध्ये आला, तिसरा नोव्हेंबर 2025 मध्ये. भाग दहाचे नऊ झाले, नवाचे सात, आणि इतकं थांबवूनही गोष्ट ऐन मोक्यावर तोडली. 'पाताल लोक'चे दोन सीझन मे 2020 आणि जानेवारी 2025 चे. त्यात करोनाची काही महिन्यांची अडचण धरली तरी पावणेपाच वर्षांचा हिशेब लागत नाही. पोलिसी तपासाच्या गोष्टीत संगणकावर उडवायला ड्रॅगन तर नव्हते! हॉलिवूडचा संप हे आणखी एक कारण पुढे केलं जातं. लेखकांचा संप 2 मे 2023 ला सुरू झाला आणि नटांचा 9 नोव्हेंबरला मिटला, म्हणजे सहा महिने. 'सेव्हरन्स'चा पहिला सीझन एप्रिल 2022 मध्ये संपला आणि दुसरा जानेवारी 2025 मध्ये आला. सहा वजा केले तरी दोन वर्षांहून जास्त उरतातच. उलट 'स्लो हॉर्सेस' बघा. सीझनला फक्त सहा भाग, पण एप्रिल 2022 ते ऑक्टोबर 2025 या साडेतीन वर्षांत पाच सीझन पुरे. पहिले दोन एकत्रच चित्रित केले होते. मिक हेरनच्या कादंबऱ्या हाताशी होत्या म्हणून जमलं, असं कुणी म्हणेल. मग 'हाउस ऑफ द ड्रॅगन'लाही मूळ लेखक मार्टिनचं पुस्तक होतंच की. तरी पहिल्या आणि दुसऱ्या सीझनच्या मध्ये दीड वर्षाहून जास्त गेलं, आणि भाग दहाचे आठ झाले.

अडतं ते कलेपाशी कमी आणि हिशेबाच्या वहीपाशी जास्त. वाहिनीचं पोट आठवड्याच्या जाहिरातींवर भरत असे, त्यामुळे सप्टेंबर ते मे वेळ रिकामी ठेवून चालत नसे. इकडे चित्रीकरण चालू आणि तिकडे पुढचे भाग लिहिणं चालू. ओटीटीवर बहुधा अख्खा सीझन तयार करून सोडतात आणि प्रेक्षकांचे आकडे पाहून मग पुढचा ठरवतात. तोवर सेट मोडलेला, लेखक पांगलेले, नटांच्या तारखा भलतीकडे. पुन्हा सगळी मोट बांधायची. या उशिराची किंमत गोष्टच चुकती करते. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या मुख्य गोष्टीत 1983 ते 1987 अशी चार वर्षं जातात, पडद्याबाहेर 2016 ते 2025 अशी नऊ गेली. एकूण भाग फक्त बेचाळीस. पहिला सीझन आला तेव्हा बारा वर्षांची असलेली मिली बॉबी ब्राउन शेवटच्या वेळी एकवीस वर्षांची, लग्न झालेली होती आणि तिनं शाळकरी पोरीचं सोंग वठवायचं होतं. प्रेक्षकाचं वेगळंच. सुरुवातीच्या 'आतापर्यंत'मध्ये एक चेहरा सरकन येऊन जातो आणि हा मेला होता की फितूर झाला होता, इथपासून गाडी अडते.

वाट पाहण्यात गंमत असते, हा शेवटचा आक्षेप. असते ना! दिवाळी अंकाची वाट मराठी वाचक शतकाहून अधिक काळ आवडीनं पाहत आलाय, कारण दिवाळी दर वर्षी येते. 'करमणूक'मधून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या तुकड्यातुकड्यानं वाचणाऱ्यांनाही पुढचा अंक आठवड्यानं निघणार, हे ठाऊक असे. ज्या वाटेला तारीखच नाही, तिला गंमत म्हणणं ही थट्टा झाली. आणि तारीख पाळता येते. 'द पिट' ही पिट्सबर्गच्या रुग्णालयातल्या तातडीच्या विभागाची मालिका. एक पाळी, एक तास म्हणजे एक भाग, असे पंधरा भाग, तेही बहुतेक एकाच सेटवर. तिला 2025 चा सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमी मिळाला, तेव्हा दर्जाची काळजी नको. पहिला सीझन सुरू झाला 9 जानेवारी 2025 ला आणि दुसरा 8 जानेवारी 2026 ला. वर्ष भरायला एक दिवस बाकी होता.